बावीसचं भांडण

१६ जून, सोमवार

जून आला की २०१९ ची आठवण कोणी ना कोणी काढतंच. त्या वर्षी बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'बावीस'च्या जोडीला 'वीस दोन' छापलं गेलं आणि काही दिवस महाराष्ट्राला दुसरं काही सुचेना. विधानसभेत मुख्यमंत्र्यांच्या आडनावावर कोट्या झाल्या, चॅनेलांवर तावातावानं चर्चा झाल्या, व्हॉट्सअ‍ॅपवर विनोदांना ऊत आला. गणित विषय समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर सांगत होत्या की बावीस कुठेही गेलेलं नाही, दोन्ही आहेत, मुलाला सोपं वाटेल ते त्यानं म्हणावं. ऐकून घ्यायच्या मनःस्थितीत फारसं कोणी नव्हतं.

"आम्ही नाही का शिकलो बावीस-तेवीस? आमचं काय बिघडलं?" हे तेव्हाचं सगळ्यांत लाडकं वाक्य. शाळेतल्या कुठल्याही बदलाला ते चिकटवता येतं. मेख एवढीच, की हे म्हणणारा माणूस शिकून पार झालेला असतो. तिसरीत हातच्याच्या वजाबाकीला अडकून जे गणिताला कायमचे बिचकले, ते अशा चर्चेत तोंड उघडत नाहीत. शाळेबद्दलचं लोकमत हे बहुतेक वेळा पास झालेल्यांचं मत असतं.

दुसरीतल्या मुलाला काय जड जातं ते पाहा. संख्या लिहायची डावीकडून आणि तिचं नाव सुरू होतं उजवीकडच्या अंकापासून. 'त्रेचाळीस' म्हटलं की आधी तीन कानावर पडतो, म्हणून हात ३ आधी लिहितो आणि पाटीवर ३४ उमटतात. हे त्यातल्या त्यात सोपं. एक्कावन्न, बावन्न म्हणताना पन्नासचा मागमूस उरत नाही. एकाहत्तर, बहात्तरमध्ये सत्तरचा स जाऊन ह येतो. त्यात 'एकोण'ची भर: एकोणतीस म्हणताना नाव घ्यायचं तिसाचं आणि लिहायचं विशीत. १९ पासून ८९ पर्यंत अशी आठ नावं, आणि नेमका नव्याण्णवला हा नियमही मोडतो. हीच नावं अक्षरांत वाचायची म्हटलं तर जोडाक्षरं अजून नीट न येणाऱ्या सात वर्षांच्या पोरापुढे 'अठ्ठ्याण्णव' येऊन उभं राहतं. कन्नड शाळेतलं मूल 'इप्पत्तेरडु' म्हणतं, म्हणजे वीस-दोनच. तेलुगूतही तोच क्रम.

नॉर्वेनं तर हा बदल सबंध देशाला लावला. तिथेही जुन्या बोलीत आधी एकक, मग दशक. टेलिफोनचे आकडे सांगताना गोंधळ होतो म्हणून संसदेनं १९५० मध्ये ठराव केला आणि १ जुलै १९५१ पासून शाळा, रेडिओ, सरकारी कचेऱ्या यांनी नवी पद्धत धरली. घराघरांत जुनी पद्धत पुढे कित्येक दशकं चालूच राहिली आणि त्यानं कोणाचं अडलं नाही.

आपल्याकडे 'मराठी बुडाली' म्हणून जे ओरडले, त्यांतल्या पुष्कळांची मुलं इंग्रजी शाळेत 'फोर्टी थ्री' म्हणत होती. म्हणजे चाळीस तीनच की! आणि गावाकडची जुनी माणसं 'दोन विसा आणि तीन' असं मोजायची, त्याला कोणी अशुद्ध म्हटलं नव्हतं.

१७ जून, मंगळवार

शिक्षकांबद्दल. शिक्षक बदलाला विरोध करतात असं सरसकट म्हणायची पद्धत आहे. या बाबतीत ते खरं नाही. दहा-दहा काड्यांचे गठ्ठे घेऊन शिकवणारे गुरुजी आणि बाई 'चाळीस आणि तीन' हे कधीपासूनच म्हणत आले आहेत. त्यांची कुरकुर वेगळी. वर्गातली युक्ती पुस्तकात छापली गेली की ती तपासणीत येते. मग "वीस दोन घेतलं का?" असा प्रश्न येतो आणि वर्ग 'वीस एक, वीस दोन, वीस तीन' असा पाढा घोकू लागतो. हातात गठ्ठे नाहीत, नुसता सूर. ही जुनीच घोकंपट्टी, फक्त शब्द नवे. शिवाय पारावर गावाला उत्तर द्यायचं ते शिक्षकानंच. पुस्तक करणारे तिथे नसतात.

नव्या पद्धतीची स्वतःची एक खोडही आहे, तिच्याबद्दल त्या गदारोळात कोणी फारसं बोललं नाही. 'चाळीस तीन' ऐकून मूल ४०३ लिहू शकतं. चाळीस लिहिलं, मग तीन लिहिलं. त्याच्या हिशेबानं बरोबरच आहे. इंग्रजीतून शिकणारी मुलंही ही चूक करतात. तेव्हा नाव सोपं केलं की स्थानिक किंमत आपोआप कळते, हा समज पुस्तकाच्या बाजूनं बोलणाऱ्यांनीही सोडावा.

कोणाला काय कळलेलं नाही, हे श्रुतलेखनात दहा मिनिटांत समजतं. या दहा संख्या पुरतात: ४३, ६७, २९, ५२, ७१, ८९, ३८, ९६, ६०, ५९. सावकाश, प्रत्येक दोनदा सांगायची. पाटीवर ३४, ७६, ६९ आले तर क्रमाची अडचण. तिथे 'चाळीस तीन'चा उपयोग होतो. २९ च्या जागी ३९ आणि ५९ च्या जागी ६९ आले तर एकोणची; तिथे तीन गठ्ठे ठेवून एक काडी काढून घ्यायची, म्हणजे शेवटचा गठ्ठा सुटतो आणि दोन गठ्ठे, नऊ सुट्या उरतात. ४०३, ६०७ आले तर नावांचा काही संबंधच नाही, गठ्ठा ही कल्पनाच पोचलेली नाही. त्या मुलाला परत ११ ते १९ वर आणायचं. पाटी कोरी राहिली तर आधी ते आकडे वाचायला देऊन पाहावं.

वाचणं आणि लिहिणं या दोन वेगळ्या चाचण्या आहेत हेही विसरलं जातं. गावोगावच्या मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या 'असर'च्या पाहणीत दोन अंकी संख्या दाखवतात; मुलानं पाच निवडायच्या, चार बरोबर वाचल्या की ती पायरी जमली. तेवढ्या कामाला ते योग्यच. पण ४३ पाहून 'त्रेचाळीस' म्हणणारं मूल ऐकून ३४ लिहू शकतं, आणि गणिताची वही त्या लिहिण्यावर चालते.

२१ जून, शनिवार

पालकसभेत हा विषय घ्यायचा असेल तर भाषण नको. काड्या द्याव्यात. खराट्याच्या किंवा आईस्क्रीमच्या; एका गटाला ९९ पुरतात, नऊ गठ्ठे आणि नऊ सुट्या. दहाचा गठ्ठा रबर लावून पालकांनाच बांधायला सांगावा. मग "सदुसष्ट दाखवा" म्हणायचं. सहा गठ्ठे उचलतानाच बरेचजण मनात आधी 'साठ' म्हणतात आणि मग 'सात'. जे पुस्तकात छापलं म्हणून रणकंदन झालं ते आपल्याच हातून होतंय हे बघून पालक हसतात, आणि पुढचं बोलणं सोपं होतं. गणवेश, इंग्रजी आणि वहीतला गृहपाठ यांपलीकडे शाळेत काही पाहण्यासारखं असतं, हे पाहायची संधी पालकांना क्वचितच मिळते. मग ते दिसतं त्यावरून शाळा जोखतात, यात त्यांचा दोष किती धरायचा?

आजीआजोबा आले असतील तर विसांचा हिशेब त्यांनाच सांगायला लावावा.

बावीस-त्रेचाळीस ही नावं मुलांना यायलाच हवीत. बाजारात, एसटीत, घरात तीच चालतात. प्रश्न फक्त आधी काय आणि नंतर काय, एवढाच. दुसरीच्या पहिल्या सत्रात गठ्ठ्यांसोबत 'चाळीस आणि तीन, म्हणजे त्रेचाळीस' असं जोडीनं म्हणावं. क्रमाच्या चुका थांबल्या की पहिला भाग आपसूक गळतो. मुद्दाम सोडवावा लागत नाही.

४०३ लिहिणाऱ्यांसाठी काड्यांच्या जोडीला कार्डं लागतात: १० ते ९० ची नऊ, १ ते ९ ची नऊ. ४० च्या शून्यावर ३ चं कार्ड ठेवलं की ४३ दिसतात, उचललं की खाली शून्य सापडतं. जुन्या लग्नपत्रिकांचा पुठ्ठा चालतो. दशकाचं कार्ड ८ सेंटिमीटर रुंद असेल तर एककाचं बरोबर ४ सेंटिमीटर कापायचं आणि उजवी कड जुळवून ठेवायचं. एककाचं कार्ड अरुंद झालं तर मागचं शून्य डोकावतं, आणि मूल ते वाचतंच.