तानेतले गळणारे स्वर: दुसऱ्या चॅनेलचा उलगडा

कमोडोर ६४ या जुन्या घरगुती संगणकावर मी रचत असलेल्या धुनेत, दुसऱ्या चॅनेलवरच्या (त्याच्या सिड या ध्वनी-चिपच्या तीन आवाजांपैकी एकावरच्या) द्रुत तानेचे स्वर गळत होते, असे मागच्या नोंदीत लिहिले होते; त्याचे कारण परवा रात्री अखेर सापडले. पल्स या चौकोनी लहरीची रुंदी शून्याला टेकली की चॅनेल मुका होतो, हे पूर्वी अनुभवलेले असल्यामुळे तीन संध्याकाळी मी पल्सच्या तक्त्यातच (ती रुंदी ठरवणाऱ्या आकड्यांच्या यादीत) चूक शोधत बसलो होतो. तक्ता निर्दोष निघाला. मग कमोडोर ६४ चा आवाज मुद्रित करून लहर ताणून पाहिली, तेव्हा दिसले की गळालेला भासणारा प्रत्येक स्वर जागेवर होता, फक्त सुमारे ३३ मिलिसेकंद उशिरा उमटत होता.

सिडवर काम करणाऱ्याला हा आकडा लगेच खुणावतो. एन्व्हलपचा, म्हणजे स्वराच्या आवाजातील चढउताराचा, वेग मोजणारा गणक १५ बिटांचा आहे. माझ्या वाद्याचा रिलीज (स्वर विरण्याचा वेग) ६, म्हणजे चिपच्या घड्याळाच्या २६७ चक्रांचा, आणि अटॅक (स्वर चढण्याचा वेग) ३, म्हणजे ९५ चक्रांचा. नवा स्वर सुरू होताना गणक ९५ च्या पुढे गेलेला असला, तर तो ३२,७६८ पर्यंतचा पूर्ण फेरा मारून मगच पुन्हा मोजू लागतो. संथ जागी हा विलंब जाणवत नाही, पण तानेत स्वराला तीनच फ्रेम (पडद्यावरच्या एका चित्राचा वेळ ती एक फ्रेम), म्हणजे ६० मिलिसेकंद मिळतात. स्वरांची आस (मागे रेंगाळणारा नाद) टिकावी म्हणून गोटट्रॅकर या संगीतरचनेच्या प्रोग्रॅममधला हार्ड रिस्टार्ट (नव्या स्वराआधी एन्व्हलप शून्यावर आणून गणक सावरणे) मीच बंद केला होता. तो चालू केला, तर आधीच्या स्वराच्या दोन फ्रेम त्यातच जातात आणि वाजायला एकच उरते.

काल तानेचे स्वर आलटून पालटून दुसऱ्या आणि तिसऱ्या चॅनेलवर वाटले. प्रत्येक स्वराला सहा फ्रेम मिळाल्या, हार्ड रिस्टार्ट वजा जाता चार उरल्या, आणि मागच्या स्वराची आस पुढच्या स्वराखाली रेंगाळू लागली. ही तान मी वीसेक वेळा तरी ऐकली असेन. मात्र तानेच्या चार मात्रांपुरता तिसऱ्या चॅनेलवरचा अर्पेजिओ (एकामागून एक झरझर वाजणारे संगतीचे स्वर) गेला, आणि त्याच्याशिवाय बास (खर्जातली साथ) फार उघडा पडतो.

हे लिहिता लिहिता एक सुचले. वेगाचा आकडा घटतो तेव्हाच गणक अडतो. मग तानेपुरते वेगळे वाद्य करून त्याचे अटॅक, डिके (चढल्यानंतरच्या उताराचा वेग) आणि रिलीज तिन्ही ३ ठेवले, तर फेरा पडायलाच नको. आस तोकडी होईल, पण अर्पेजिओ परत येईल. लांब रिलीजवरून या वाद्यावर येताना, पहिल्या स्वराआधी तेवढा एक हार्ड रिस्टार्ट द्यावा लागेल.

व्हाइस या कमोडोरची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्येही हा दोष हुबेहूब उमटतो, त्यामुळे तपासणी तिथे होईल. फिल्टरचा (नादातला काही भाग गाळणाऱ्या सोयीचा) निर्णय मात्र खऱ्या ६५८१ वर, म्हणजे सिडच्या जुन्या आवृत्तीवरच घेईन, कारण त्या चिपमध्ये एकीचा फिल्टर दुसरीसारखा नसतो. त्यासाठी मागवलेली सुटी चिप मुकी निघाली. यापुढे चालू यंत्रात वाजवून दाखवल्याशिवाय चिप घेणार नाही.