शेतकऱ्याच्या नावाने कोण बोललं?

डिसेंबर 2015मध्ये फेसबुकच्या मार्क झुकरबर्गने टाइम्स ऑफ इंडियात लेख लिहून फ्री बेसिक्सची, म्हणजे ठरावीक साइट डेटाचे पैसे न घेता दाखवणाऱ्या फेसबुकच्या सेवेची, बाजू मांडली. त्यात महाराष्ट्रातल्या एका शेतकऱ्याचा दाखला होता. हवामान आणि बाजारभाव बघायला त्याला ही फुकट सेवा उपयोगी पडते, असा. मी निफाड तालुक्यातल्या द्राक्षबागायतदाराची मुलगी. तो दाखला मला अजून खटकतो.

बागेत डाउनी (द्राक्षावरचा बुरशीचा रोग) दिसला की आमचे अण्णा पानाचा फोटो औषधवाल्याला पाठवतात, फवारणीचे व्हिडिओ बघतात, चार जणांना विचारतात. फ्री बेसिक्सच्या अटींत व्हिडिओ बसतच नव्हते. कोणती साइट आत घ्यायची, त्याचे नियम फेसबुकचे.

दूरसंचार कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी ट्रायने 9 डिसेंबरला याच विषयावर लोकांची मतं मागवणारा सल्लामसलतीचा पेपर काढला होता. प्रश्न चारच. पहिलाच कळीचा: वेगवेगळ्या साइट आणि अ‍ॅपसाठी वेगवेगळे डेटा दर लावायची मुभा कंपन्यांना द्यावी का? फेसबुकने लोकांपुढे तयार मजकूर ठेवला. बटण दाबलं की पाठिंबा ट्रायकडे रवाना. असे लाखो मेल गेले, पण विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं त्यांत नव्हती. ट्रायने फेसबुकला तसं कळवलं, आणि सल्लामसलतीचं रूपांतर जमवून आणलेल्या कौलात होतंय म्हणून खडसावलंही. ते पत्र मला फार मोलाचं वाटतं. डोकी मोजून निकाल लावायचा ठरला, तर ज्याच्याकडे कोट्यवधी लोकांच्या स्क्रीन आहेत तो दर वेळी जिंकणार.

तयार मजकूर फ्री बेसिक्सच्या विरोधात मोहीम चालवणाऱ्या सेव्ह द इंटरनेटवाल्यांनीही दिला होता. फरक इतकाच, की त्यात प्रश्नांची उत्तरं होती. त्या बाजूलाही स्टार्टअपवाले होते, त्यांचेही हितसंबंध होतेच. नियम दोघांना सारखा हवा.

8 फेब्रुवारी 2016ला ट्रायने भेदभावाचे डेटा दर बंद केले. मोडल्यास रोज 50,000 रुपये दंड, कमाल 50 लाख. निर्णय चांगलाच झाला. पण पुढच्या वेळी पैसा अधिक शहाणपणाने येईल. एखादी ग्राहक संघटना, एखादी संशोधन संस्था पुढे करून. म्हणून प्रतिसाद देणाऱ्या प्रत्येक संस्थेने पैसा कुठून येतो ते पहिल्याच पानावर लिहावं, ही सक्ती करा. आणि पेपर मराठीतही काढा, म्हणजे अण्णा स्वतःच उत्तर लिहितील.