पोचलीस का?

नाटक दोन तासांचं आणि बसप्रवास जाऊन-येऊन चौदा तासांचा, हे गणित घरात कुणालाच पटलं नाही. स्लीपरमध्ये शेवटचा वरचा बर्थ मिळाला, म्हणजे गतिरोधक आला की डोकं छताला. याला आरामदायी म्हणणाऱ्याला एकदा तिथे झोपवलं पाहिजे. शहर बघायचं राहूनच गेलं, दिवस लॉजवर झोपण्यात संपला.

नाटक नवीन, गोष्ट साधी. वडील गेलेत, मुलगी त्यांचे जुने मेसेज आणि व्हॉइस नोट्स एका प्रोग्रॅमला देते आणि तो वडिलांसारखा बोलायला लागतो. हे हवेतलं नाही, युजिनिया कुयदा या बाईंनी २०१५ मध्ये मित्र गेल्यावर त्याच्या मेसेजवरून पुढच्या वर्षी असाच चॅटबॉट केला होता, आणि २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी तीन सेकंदांच्या नमुन्यावरून आवाजाची नक्कल करून दाखवली. बसमध्ये हेच वाचत आलेले, त्यामुळे आपल्याला काही होत नाही अशा थाटात बसले होते.

मुलगी प्रवासाहून येते, बॅग टाकते, आणि अंधारात स्पीकरमधून आवाज येतो, "पोचलीस का गं?"

झालं माझं. बाबांचा हाच प्रश्न, तोही गाडीतून उतरायच्या आधी, आणि मी वैतागायचे, "अहो बाबा, उतरू तरी द्या." शेजारच्या काकूंनी काही न विचारता रुमाल पुढे केला, वापरलेला होता, घेतला. मागून कुजबुज, "कुठलं ॲप असेल रे?" असला राग आला! पण खरं सांगू, मलाही तेच हवं होतं.

दुसऱ्या अंकात ती विचारते, "तुम्ही रागावला होतात ना माझ्यावर?" आवाज लगेच म्हणतो, "छे गं, कधीच नाही." लोक रडायला लागले आणि माझं रडणं तिथेच थांबलं. असले प्रोग्रॅम आधीच्या शब्दांवरून पुढचा शब्द ठरवतात, समोरच्याला बरं वाटेल तिकडे झुकतातही, ते ठीक. पण माझे बाबा माझ्याशी चार महिने बोलत नव्हते, आणि त्यांना तसा हक्क होता. तो राग मिटवायचा तर त्यांनी मिटवायचा, यंत्र कोण परस्पर माफ करणारं? नाटकाने इथे थांबायला हवं होतं, ते पुढे टाळ्या घेत राहिलं.

परतीची बस वेळेवर होती, एवढंच आठवतं.

पहाटे उतरले आणि सवयीने बाबांचं चॅट उघडून टाकलं, "पोचले." दोन टिका आल्या. नंबर बंद करून दीड वर्ष झालं, कंपनीने दुसऱ्या कुणाला दिला असणार, फोटोत कुणाचंतरी बाळ होतं.

उत्तर आलं, "कोण?"

"सॉरी, राँग नंबर," लिहिलं आणि बॅग उचलली.