शिंपला, नोंद ७: मी नक्की कुठे उभी आहे?

नव्या वाचकांसाठी: शेल म्हणजे आपण टाइप केलेल्या आज्ञा घेऊन चालवणारा प्रोग्राम. शेलला मराठीत शिंपला, म्हणून सी भाषेत लिहीत असलेल्या माझ्या घरगुती शेलचं नाव शिंपला. मागच्या नोंदीपर्यंत पाइप, म्हणजे एका आज्ञेचं उत्तर दुसरीला पोचवणं, चालू झालं होतं. या वेळी फक्त प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या जागेआधी दिसणाऱ्या मजकुरात, चालू फोल्डरचा पाथ (पूर्ण पत्ता) दाखवायचा होता. अर्ध्या तासाचं काम समजून बसले आणि दोन शनिवार गेले.

पहिला प्रयत्न बहुतेकांचा असतो तसाच. २५६ बाइटची ॲरे घेतली, ती आणि तिचा आकार गेटसीडब्ल्यूडीला, म्हणजे चालू फोल्डरचा पाथ भरून देणाऱ्या फंक्शनला, दिला, पुढच्या ओळीत छापायला प्रिंटएफ. फंक्शन काय परत देतंय ते बघितलंच नाही. माझ्या मशीनवर आठवडाभर छान चाललं, कारण माझी फोल्डरं म्हणजे 'एसआरसी', 'टेस्ट' असली इंग्रजीतली तीन-चार अक्षरी.

मग शिंपला बाबांच्या लॅपटॉपवर टाकला. आमची नौपाड्यातली इमारत पुनर्विकासाला गेलीय, आम्ही सध्या वर्तकनगरला भाड्याने राहतोय. सामान बांधताना माळ्यावरून फोटोंचे अल्बम निघाले आणि बाबांनी ते स्कॅन करायला घेतले. फोल्डरला नाव देताना ते हात आखडता घेत नाहीत. 'घरचे जुने फोटो', त्यात 'ताईच्या लग्नाचे फोटो', त्यात 'हळदीच्या दिवशी दुपारी काढलेले', त्यात 'मामाच्या मोबाइलवरून आलेले'.

हळदीच्या फोल्डरमधून मामाच्या फोल्डरमध्ये गेले, तर प्रॉम्प्ट हळदीतच. वाटलं, सीडी (फोल्डर बदलायची आज्ञा) टाइप करताना चुकले. हळदीतल्या डुप्लिकेट फाइली उडवायच्याच होत्या, म्हणून आरएम (फाइली उडवायची आज्ञा) आणि तारा (म्हणजे सगळ्या) टाइप करायला घेतला. पण त्याआधी एलएस मारायची, म्हणजे फाइलींची यादी बघायची, माझी जुनी खोड आहे. यादी आली ती मामाच्या फोटोंची. सीडी नीट झालं होतं, प्रॉम्प्टच खोटं बोलत होता.

कारण शोधायला कागद घेऊन बसले. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, आणि काना, मात्रा, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं. म्हणजे 'ताईच्या' हा शब्द दिसायला तीन अक्षरं, आत ७ चिन्हं, २१ बाइट. चार फोल्डरांचे अनुक्रमे ३८, ५६, ८१ आणि ७१ बाइट झाले. मधल्या तिरप्या रेघा ४, सुरुवातीचा होमचा भाग १०. बेरीज २६०, वर शेवटचा शून्य बाइट. माझी ॲरे २५६ ची! गेटसीडब्ल्यूडीने प्रामाणिकपणे नल, म्हणजे 'जमलं नाही', परत दिला, चूक कोणती ते सांगणाऱ्या एर्नोमध्ये ईरेंज, म्हणजे 'जागा कमी', ठेवला, आणि ॲरेत मागच्या वेळचा मजकूर तसाच राहिला. मी तोच पुन्हा छापत होते. खरं तर नल आल्यावर ॲरेत काय असेल याचा काही भरवसाच नसतो. माझ्या वाट्याला नेमकं जुनं, खरं वाटणारं उत्तर आलं. कचरा दिसला असता तर बरं झालं असतं.

मग ॲरे ४०९६ ची करावी का? लिनक्सवर पाथ मॅक्स हा पाथच्या लांबीसाठी ठरवलेला आकडा तेवढाच आहे, मॅकवर १०२४. पण तो आकडा म्हणजे डिस्कवरच्या पाथची कमाल लांबी नव्हे. एकेक पायरी आत जात फोल्डर बनवत गेलं तर त्याच्या पलीकडे सहज जाता येतं. मी तेच केलं. एका नावाला २५५ बाइटची मर्यादा, म्हणजे देवनागरीची नेमकी ८५ चिन्हं. ८५ वेळा 'क' असं नाव घेऊन एकात एक अशी वीस फोल्डरं केली. नुसता तेवढाच पाथ ५१२० बाइटचा.

आता शिंपल्यात असं आहे: २५६ पासून सुरुवात, मॅलॉकने मेमरी मागायची, नल आला आणि एर्नो ईरेंज असेल तरच आकार दुप्पट करून पुन्हा. दुसरी कोणतीही चूक असेल तर लूपमधून बाहेर. आकार वाढवणाऱ्या रीॲलॉकचं उत्तर वेगळ्या पॉइंटरमध्ये घ्यायचं, नाहीतर ते फसलं की जुना पत्ताही गेला आणि मेमरीही गळाली. वीस फोल्डरांच्या विहिरीत बफर ८१९२ वर जाऊन थांबला आणि पूर्ण पाथ मिळाला. एवढा लांब पाथ कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, देत नाही. तिथे जीलिबसी, म्हणजे लिनक्सवरची सी भाषेची लायब्ररी, स्वतः एकेक पायरी वर चढत, प्रत्येक मजल्यावर 'या आयनोडचं तुझ्याकडे नाव काय' असं विचारत पाथ जुळवते. (आयनोड म्हणजे डिस्कवरची फाइलची किंवा फोल्डरची खरी नोंद. नाव ही त्यावरची नुसती पाटी.)

कोणीतरी म्हणणारच की बफरच्या जागी नल आणि आकार शून्य दिला की जीलिबसी स्वतःच मॅलॉक करते, मग एवढी यातायात कशाला? खरं आहे, फ्री करायला विसरलं नाही म्हणजे झालं. पण पॉझिक्स, म्हणजे युनिक्ससारख्या सिस्टिमांसाठीचं प्रमाण, त्याची हमी देत नाही, आणि हाताने लूप लिहिल्याशिवाय मला ईरेंज कळला नसता. त्याच कामाचं जुनं फंक्शन गेटडब्ल्यूडी मात्र कोणी सुचवू नका. त्याला बफरचा आकार सांगायची सोयच नाही, आणि पॉझिक्सनेही ते २००८ मध्ये काढून टाकलं.

आकारावरून एक गंमत. जीलिबसीच्या गेटसीडब्ल्यूडीतच सुरक्षेचं एक भोक होतं, नोंद क्रमांक सीव्हीई-२०२१-३९९९. आकार बरोब्बर १ दिला तर विशिष्ट परिस्थितीत बफरच्या एक बाइट अलीकडे लिहिलं जायचं. जीलिबसीच्या २.३५ आवृत्तीत बुजवलं. एकने चुकणं मोठ्यांनाही सुटत नाही.

दुसऱ्या शनिवारी वेगळाच प्रकार. एका खिडकीत शिंपला एका रिकाम्या फोल्डरमध्ये उभा, दुसऱ्या खिडकीतून मी ते फोल्डरच उडवलं. गेटसीडब्ल्यूडी म्हणाला ईनोएंट, म्हणजे 'असं काही नाहीच'. त्याच जागी त्याच नावाचं फोल्डर पुन्हा बनवलं, तरी ईनोएंटच. हे बाबांना जेवताना सांगितलं तर ते म्हणाले, "मग आपलं वेगळं काय आहे? टॉवरला नाव जुन्या इमारतीचंच देणार आहेत, म्हणून आपली खोली थोडीच तिथे असणार?" आयनोड इतक्या सोप्या शब्दांत मला कॉलेजात कोणी शिकवला नव्हता. शिंपला आता अशा वेळी बंद पडत नाही, प्रॉम्प्टमध्ये '(पत्ता हरवला)' छापतो आणि पुढची आज्ञा घेतो.

यातूनच 'सीडी -', म्हणजे मागच्या फोल्डरमध्ये परत जायची आज्ञा, पुन्हा लिहिलं. आधी मागचा पाथ स्ट्रिंगमध्ये जपत होते. मधल्या काळात कोणी फोल्डरचं नाव बदललं की परतीची वाट बंद. आता निघायच्या आधी चालू फोल्डर, म्हणजे नुसता टिंब, ओपनने उघडून त्याचा फाइल डिस्क्रिप्टर (उघडलेल्या गोष्टीचा नंबर) ठेवते आणि परत येताना एफसीएचडिरने त्या नंबरावरूनच तिथे जाते. नाव विचारायची गरजच नाही. दुसरा प्रोग्राम सुरू होताना डिस्क्रिप्टर आपोआप बंद करणारा ओ क्लोएक्झेक झेंडा ओपनला द्यायला मी विसरले होते, त्यामुळे शिंपल्यातून सुरू होणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामला तो डिस्क्रिप्टर वारशात मिळत होता.

राहिलेलं: बाबांनी डेस्कटॉपवर लग्नाच्या फोल्डरची सिमलिंक, म्हणजे त्याच्याकडे नेणारा शॉर्टकट, ठेवलीय. तिथून आत शिरलं की बॅश हा नेहमीचा शेल डेस्कटॉपचा पाथ दाखवतो, कारण तो आलेली वाट पीडब्ल्यूडी व्हेरिएबलमध्ये लक्षात ठेवतो. शिंपला खरा, लांबलचक पाथ दाखवतो. बाबांना बॅशचं आवडतं, मला माझं. तूर्त लॅपटॉप त्यांचा असल्यामुळे पुढच्या शनिवारी पीडब्ल्यूडी, आणि तो व्हेरिएबल शिळा झालाय का हे तपासायला दोन्हीकडच्या आयनोड आणि डिव्हाइस नंबरांची तुलना.