पऱ्हाटी डोक्याएवढी आणि पंप पाठीवर

2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जणांना दवाखान्यात भरती करावं लागलं. त्यानंतरचा वाद 'औषधांवर बंदी घाला' आणि 'मजूर संरक्षक किट घालत नाहीत' एवढ्यातच अडकून पडला. पंपाविषयी मात्र फारसं कोणी बोलत नाही, आणि खरी मेख तिथेच आहे.

शिफारशीतली मात्रा बहुतेक वेळा साध्या पंपासाठी असते, एकरी साधारण 200 लिटर पाणी धरून. पेट्रोलवरच्या पॉवर पंपाला पाणी सुमारे एक तृतीयांश लागतं, म्हणून मात्रा तिप्पट करतात. 10 लिटरला 20 मिली सांगितलेलं औषध 60 मिली होतं. एकरी औषध तेवढंच पडतं, पण टाकीतलं द्रावण तिप्पट तीव्र असतं. झाकणाचा वायसर गेलेला असेल, तर पाठीवर झिरपतं ते हेच पाणी. थेंब बारीक, ते हवेत तरंगत राहतात. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीचं झाड, डोक्याएवढी वाढून ओळी मिळाल्या की नळी वर धरावी लागते आणि माणूस स्वतःच्याच फवाऱ्यातून पुढे चालतो. सप्टेंबरच्या उकाड्यात त्याने जाड प्लास्टिकचा कोट दिवसभर घालावा, हा सल्ला मला अन्यायाचा वाटतो. त्यापेक्षा वारा जिकडे वाहतो त्या धुऱ्याकडून (बांधाकडून) सुरुवात करून वाऱ्याच्या उगमाकडे ओळ-ओळ सरकावं. औषध कालवताना मात्र हातमोजे हवेतच, कारण न मिसळलेलं औषध सगळ्यात घातक. शर्ट भिजला तर काम तिथेच थांबवून साबणाने अंग धुवायचं.

मुळात प्रत्येक फवारा गरजेचा असतो का? गुलाबी बोंडअळीसाठी एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) लावा. सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले, किंवा 10 टक्के फुलं डोमकळ्या (अळी लागून नीट न उमललेली फुलं) झाली, तरच रासायनिक औषध. त्याआधी 5 टक्के निंबोळी अर्क. फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावर तीच पऱ्हाटी राखून घेतलेलं पीक, घेऊ नका, पुढच्या हंगामाची अळी तिथेच पोसली जाते.

कृषी केंद्रातून दोन-तीन औषधं एकत्र कालवायचा सल्ला मिळतो, तो साफ नाकारा. प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस यांसारख्या ऑर्गॅनोफॉस्फेट औषधांच्या विषबाधेत लाळ गळते, घाम फुटतो, बाहुल्या बारीक होतात, छाती दाटते. त्यावर ॲट्रोपिन हे उताऱ्याचं औषध चालतं. डायफेन्थियुरॉन या वेगळ्या गटातल्या कीटकनाशकावर ते उतारा नाही. मिश्रण असलं की लक्षणं गोंधळतात आणि डॉक्टरांचा वेळ जातो. त्रास सुरू होताच कपडे काढा, अंग धुवा. ओकारी काढायला लावू नका, दूधही पाजू नका. दवाखान्यात जाताना त्या दिवशी वापरलेल्या प्रत्येक औषधाची बाटली लेबलासकट सोबत न्या.