समुद्रात पोहण्याचा लॉग: जेली, पाकट आणि थर्मास

तर मंडळी, मागच्या अपडेटला म्हटलं होतं की पावसाळा संपला की समुद्र सुरू, आणि या सीझनला नुसतं अंतर आणि टायमिंग लिहीत बसणार नाही, पाण्यात आणि किनाऱ्यावर जे जे भेटेल त्याचीही नोंद ठेवणार. ती वही आता बऱ्यापैकी भरलीये म्हणून सगळं एकत्र टाकतोय. स्पीडचं थोडक्यात सांगतो, पुण्याच्या टिळक टँकला (पोहण्याचा तलाव) सकाळच्या बॅचमध्ये जे चाललंय ते बरं चाललंय, दोन्ही बाजूंनी श्वास घेणं जमायला लागलंय, बाकी कौतुक करण्यासारखं काही नाही. खरा फरक डोक्यात पडलाय. आपण पुण्याचे पोहणारे टाइल्सवरची काळी रेघ बघत मोठे झालो, त्यामुळे समुद्रात खाली काही दिसत नाही म्हटलं की सगळी भीती खोल पाण्याची वाटते. पण वही चाळली तर त्रास देणारी बहुतेक मंडळी भेटलीत ती गुडघाभर पाण्यात नाहीतर भरतीच्या रेघेवर.

सुरुवात पावसाळ्यातच केली होती, पोहायला नाही, नुसतं बघायला. ताम्हिणीतून माणगाव, तिथून दिवेआगर. ज्यांना वाटतं की पावसाळ्यात समुद्र बंद म्हणजे काहीच करता येत नाही त्यांनी एकदा ओहोटीला किनाऱ्यावर चालून बघा. नैऋत्येचा वारा पाण्यावर तरंगणारं सगळं आपल्या किनाऱ्याकडे ढकलत आणतो, म्हणून तर जुहूला वगैरे ब्लू बॉटल, म्हणजे निळ्या फुग्याचे डसणारे समुद्री जीव, आल्याच्या बातम्या पावसाळ्यातच येतात. मला मिळाली ती अंगठ्याएवढी होती. फुगा पारदर्शक, वरच्या कडेला गुलाबी झाक, आणि खाली गडद निळ्या धाग्याचं गुंडाळलेलं भेंडोळं, त्यातला एक धागा वाळूवर हातभर लांब पसरलेला आणि त्यावर बारीक बारीक निळे मणी. ते मणी म्हणजेच डंखाच्या पेशींची कोठारं. मेल्यावर, अगदी सुकल्यावरही त्या उडू शकतात, त्यामुळे फोटो काढायचा तर लांबून काढा आणि पोरांना सांभाळा, कारण पोरांना तो फुगा फोडायचा असतो.

ब्लू बॉटलला सगळे जेलीफिश म्हणतात पण ती खरी जेलीफिश नाही, एक प्राणीसुद्धा नाही. कित्येक छोट्या जीवांची वसाहत आहे, कोणी तरंगायचं काम करतं, कोणी शिकार धरायचं, कोणी पचवायचं, थोडक्यात हाउसिंग सोसायटी, फक्त कामं खरंच वाटलेली. तिला स्वतःला पोहता येत नाही, फुग्याचं शीड करून वाऱ्यावर जाते, आणि गंमत म्हणजे काहींचं शीड डावीकडे वळलेलं असतं तर काहींचं उजवीकडे, त्यामुळे एकाच वाऱ्यात अर्ध्या इकडे जातात नि अर्ध्या तिकडे. आपल्या कामाची गोष्ट एवढीच की वारा किनाऱ्याकडे आणि भरतीच्या रेघेवर एक जरी निळा फुगा दिसला, तर पाण्यात आणखी आहेत असं धरून चालायचं. मी आता पोहायच्या आधी ती रेघ थोडी चालून बघतो, वॉर्मअपही होतो.

तिथेच ब्लू बटनही भेटलं. रुपयाच्या नाण्याएवढी गोल चकती आणि भोवती निळी झालर. याचा डंख सौम्य, बहुतेकांना खाज सुटते तेवढीच. पण गणपतीत मुंबई महापालिका विसर्जनाच्या सूचना काढते त्यात याचं नाव असतं, आणि त्याच्या शेजारीच असतं पाकट.

पाकट म्हणजे स्टिंग रे. माझ्या मते समुद्रात उतरणाऱ्या माणसाने सगळ्यात जास्त विचार याचा करावा आणि आपण सगळ्यात कमी करतो. २०१३ च्या विसर्जनात गिरगाव चौपाटीला बऱ्याच जणांच्या पायाला पाकटाचा काटा लागला आणि लोकांना हॉस्पिटलात न्यावं लागलं, तेव्हापासून दरवर्षी त्या सूचना. आपल्याकडे विसर्जन मुठेत नाहीतर हौदात, त्यामुळे पुणेकराच्या डोक्यात हे येतच नाही. पाकट काही मागे लागून मारत नाही, ते उथळ पाण्यात वाळू अंगावर घेऊन पडून असतं, त्याच्यावर पाय पडला की शेपूट फिरवतं. शेपटीवरच्या काट्याला दोन्ही बाजूंनी करवतीचे दाते आणि वर विषाचं आवरण. उपाय अगदी सोपा आहे, पाय उचलून टाकायचा नाही, वाळूवरून घासत घासत पुढे सरकवायचा, म्हणजे त्याला चाहूल लागते आणि ते स्वतःच निघून जातं. दिसायला येड्यासारखं दिसतं, दिसू दे.

पाकट नीट बघायला मिळालं ते मालवणला, रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढत होते तेव्हा. दोन्ही टोकांना माणसं, जाळं हळूहळू किनाऱ्यात, आणि शेवटी त्या झोळीत बांगडे, तारली, मधेच जेलीचे मोठे मोठे पांढुरके गोळे आणि त्यांच्याखाली दबलेलं एक पाकट. एका काकांनी त्याला उलटं केलं, शेपटीवर पाय दिला आणि काटा मुळापासून मोडून बाजूला नेऊन वाळूत खोल पुरला, कोणाच्या पायात जाऊ नये म्हणून. मी जेलीच्या गोळ्याकडे वाकलो तसे ओरडले, "हात लावू नको हां तेका!" त्यांच्या स्वतःच्या मनगटांवर लाल चट्टे होते, आणि विचारलं तर म्हणाले, ह्या रोजचाच. तेव्हापासून आमच्या ग्रुपचा नियम, रापण चालू असेल त्या पट्ट्यात पोहायचं नाही. जेली दिसत नसल्या तरी जाळ्यात तुटलेले तुकडे पाण्यात सुटलेले असतात आणि तुकडा पूर्ण जेलीइतकाच डसतो.

आता डंखाचं, कारण यावर सगळ्यात जास्त थापा ऐकायला मिळतात. जेलीच्या धाग्यावर लाखो सूक्ष्म पेशी, प्रत्येकीत एक गुंडाळलेली नळी, स्पर्श झाला की ती बाहेर फेकली जाते, जेलीचा छोटा नातेवाईक असलेल्या हायड्रामध्ये मोजलंय की हे एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्याही आत होतं. म्हणजे हात झटकेपर्यंत काम झालेलं असतं. पण कातडीला चिकटलेल्या धाग्यावर न उडालेल्या पेशी अजून शिल्लक असतात आणि पुढचं सगळं त्यांच्यासाठी. वाळूने घासलं, टॉवेलने पुसलं, बाटलीतलं गोडं पाणी ओतलं की त्या उडतात. लघवीचा सल्ला देणाऱ्याला प्रेमाने गप्प करा.

देवबागला आमच्या ग्रुपमधल्या एका ताईंच्या हाताला डंख झाला, कोपरापासून मनगटापर्यंत लाल मण्यांची माळ उठली. समुद्राच्याच पाण्याने धुतलं, चिमट्याने धाग्याचे तुकडे उचलले, मग थर्मासमधलं गरम पाणी. साधारण ४५ डिग्री लागतं, कोमट नाही, चांगलं गरम, पण भाजणारं नाही, आणि ते किचन थर्मामीटरने बघायचं, ज्याला डंख झालाय त्याला विचारून नाही, कारण त्याला त्या वेळी काहीच कळत नसतं. वीस मिनिटं पाणी बदलत बदलत हात त्यात ठेवला आणि ताई परत शिव्या द्यायच्या मूडमध्ये आल्या. पाकटाच्या जखमेलाही गरम पाण्यानेच दुखणं उतरतं, मात्र तिथे काट्याचा तुकडा आत राहू शकतो म्हणून डॉक्टर हवाच. व्हिनेगरची छोटी बाटली किटमध्ये आहे, ती बॉक्स जेलीसाठी, म्हणजे चौकोनी घंटेच्या जास्त विषारी जेलीसाठी. भारताच्या किनाऱ्यावरही बॉक्स जेली सापडतात आणि त्यांच्यावर व्हिनेगर काम करतं. ब्लू बॉटलवर मात्र ऑस्ट्रेलियातले जीवरक्षक ते वापरू नका म्हणतात, म्हणून आधी काय डसलंय ते बघा.

आणि श्वासाला त्रास, ओठ-चेहरा सुजणं, चक्कर यातलं काहीही झालं तर थर्मास बाजूला ठेवून सरळ हॉस्पिटल. आधी एकदा डंख झालेल्यांनी जास्त जपायचं. अॅलर्जीचा जो जीवघेणा प्रकार असतो, अॅनाफिलॅक्सिस, त्याचा शोधही या ब्लू बॉटलच्या नातेवाइकांपासूनच सुरू झाला. १९०१ मध्ये मोनॅकोच्या राजाच्या जहाजावर फ्रेंच शास्त्रज्ञ शार्ल रिशे अशाच एका नातेवाइकाच्या विषावर काम करायला लागला, पुढे समुद्रफुलांच्या (सी अ‍ॅनिमोन) विषावर प्रयोग केले आणि १९१३ चं नोबेल त्याला मिळालं.

बाकी पाहुणे पटापट. खडकांवरची कालवं, यांनी माझ्या पायांचं जेवढं नुकसान केलंय तेवढं कुठल्याच जेलीने नाही, खडकाळ भागात जाड सोलचे शूज हवेतच. समुद्री साप एकदा होडीतून दिसला, श्वास घ्यायला वर आला आणि गेला, शेपूट वल्ह्यासारखी चपटी असते त्यावरून ओळखायचा. सिंधुदुर्गात हे जाळ्यात बऱ्यापैकी येतात आणि चावतात ते मुख्यतः जाळं सोडवणाऱ्यांना, पोहणाऱ्यांच्या वाटेला सहसा जात नाहीत. पण आपल्याकडचं सर्पविषावरचं नेहमीचं इंजेक्शन नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांसाठी असतं, समुद्री सापासाठी नाही, म्हणून मेल्यासारखा पडलेला दिसला तरी उचलायचा नाही. आणि थंडीत पहाटे अंधारात हात मारला की निळं चमकतं ते नॉक्टिलुका, एकपेशीय जीव, अजिबात डसत नाही, देवगडला भरपूर बघितलं, बिनधास्त पोहा.

कपड्यांबद्दल माझं मत आता पक्कं झालंय. व्हॅसलिन कातडी घासली जाऊन सोलवटू नये म्हणून ठीक आहे, डंखासाठी त्याच्या भरवशावर राहू नका. फुल बाह्यांचा पातळ लायक्रा बेस्ट, डंखाची नळी मिलिमीटरच्या आतबाहेर, कापड मधे आलं की बहुतेक वेळा कातडीपर्यंत पोचत नाही. स्पर्धेत चालेल का ते आयोजकांना आधी विचारायचं. आपल्या पुण्याच्या रोहन मोरेने २०१८ ला ओशन्स सेव्हन, म्हणजे जगातल्या सात अवघड खाड्या पोहून पार करायचं आव्हान, पूर्ण केलं, आशियातला पहिला, त्यातल्या आयर्लंड-स्कॉटलंडमधल्या नॉर्थ चॅनलला डसणाऱ्या लायन्स मेन जेलीतून जावं लागतं आणि तेही साध्या ट्रंकवर, नियमच तसा आहे. आपल्याला तसले नियम लागू नाहीत, घाला लायक्रा.

पुढचं लक्ष्य मुंबईतली संक रॉक ते गेटवे ऑफ इंडिया ही पोहण्याची वाट. पाच किलोमीटर, पाणी गढूळ, म्हणजे समोरचं काही दिसणार नाही, त्यामुळे सगळी भिस्त सोबतच्या होडीवरच्या माणसावर आणि किटवर. कोणी येणार असेल तर दुसरा थर्मास आणा, एकाचं पाणी दोघांना पुरत नाही. आणि लार्ज साइजचा लायक्रा कोणाकडे पडून असेल तर सांगा, माझा शिवणीत उसवलाय.