तानापिहिनिपाजा नावाचं यान

सातवीच्या स्नेहसंमेलनात मी हिरवा रंग झाले होते. पाचवीत आमच्या वर्गाच्या वाट्याला समूहनृत्य आलं, सहावीत पुन्हा तेच. सातवीत मात्र विज्ञानाच्या बाईंनी स्वतः नाटुकलं लिहिलं. सात रंग यानात बसून आपापल्या ताऱ्याच्या शोधात निघतात आणि वाटेत काळोख त्यांना गिळायला येतो, अशी गोष्ट. यानाचं नाव काय, असं बाईंनी विचारायचा अवकाश, सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "तानापिहिनिपाजा!"

शाळा सुटली की चित्रकलेच्या वर्गात तालीम. यान पुठ्ठ्याचं, वरून चंदेरी कागद, खळ वाळेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. पारवा म्हणजे नेमका कोणता रंग, यावर आम्ही आठवडाभर भांडलो.

तारे मात्र बाईंनी खरेखुरे निवडले होते. तांबड्याला काक्षी, निळ्याला राजन्य. दोघेही मृग नक्षत्रातले. नारिंगीला रोहिणी, पिवळ्याला ब्रह्महृदय. पारवा आणि जांभळा हे निळ्याचे धाकटे भाऊ, ते त्याच्याच घरी राहिले. तांबडा आपल्या आगीचा तोरा मिरवायला लागला की निळा म्हणायचा, "तू ३,५०० केल्विन, मी १२,०००!" तांबडा तारा निळ्यापेक्षा थंड असतो, हे आम्ही त्या एका वाक्यामुळे कधीच विसरलो नाही.

आणि हिरवा? डोळ्यांना हिरवा दिसणारा ताराच नाही. म्हणून संहितेत मी शेवटी यानात एकटी रडत बसायचे. चार दिवस मी ते केलं. पाचव्या दिवशी बाईंना म्हटलं, "सगळ्यांना घर मिळतं, मलाच का नाही?" मला खरंच वाईट वाटलं होतं. बाई काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी नवं पान घेऊन आल्या. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५,५०० अंश सेल्सिअस तापलेला, आणि त्याच्या प्रकाशाचा सर्वाधिक जोर हिरव्याच्या आसपास असतो. पण बाकीचे रंगही भरपूर असतात, सगळे मिसळतात आणि अवकाशातून सूर्य पांढरा दिसतो. हिरव्याचं घर आपल्या सगळ्यांत जवळचं होतं, फक्त ते एकट्याचं नव्हतं. एका मुलीच्या रडवेल्या प्रश्नासाठी कुणी रात्र खर्च करतं, याचं मोल तेव्हा कळलं नाही. आज कळतं.

रंगीत तालमीला वेगळीच पंचाईत झाली. काक्षीच्या प्रवेशासाठी दिव्यावर लाल जिलेटीनचा कागद लावला आणि माझा हिरवागार झगा काळा ठिक्कर पडला. हिरवं कापड लाल उजेड शोषून घेतं, परत पाठवायला त्याच्याकडे काही उरतच नाही. शिवणकाम करणाऱ्या मैत्रिणीच्या डोळ्यांत पाणी आलं. बाई मात्र खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवायला लागल्या. "हाच आपला काळोख! हिरव्याला तो इथेच गिळणार!" काळा बुरखा पांघरून येणाऱ्या मुलाचं काम त्या एका क्षणात बदललं, तो आता फक्त विंगेतून हसायचा.

संमेलनाच्या संध्याकाळी लाल दिव्याखाली मी काळी होऊन उभी राहिले, तेव्हा सभागृह अगदी गप्प झालं. सहा रंग मला हाका मारत रंगमंचभर फिरत होते. मग सूर्य आला. लाल कागद निघाला, पांढरा झोत पडला आणि झगा पुन्हा हिरवा झाला. पहिल्या रांगेतली बालवाडीची मुलं उभी राहून ओरडली, "सापडला! हिरवा सापडला!" माझं पुढचं वाक्य त्या गलक्यात बुडालं. मी ते दुसऱ्यांदा, आणखी मोठ्यानं म्हटलं, "मी इथंच होतो!"